कापसाच्या गावचा शाहीर



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे, हाच आजवरचा रिवाज. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे हे लोण गावोगाव पोहोचले आणि ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही, अशा असंख्य माणसांचे कॉलेज उन्हाळ्याच्या संध्याकाळी भरू लागले. आम्ही त्यांपैकीच एक. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता अक्षर सुधारले. आणि वाटाघाटींसाठी साहेबलोकांच्या दाराशी तासन् तास ताटकळावे लागे, त्या वेळात वाचन झाले. तेव्हा पांडित्य ऐकावयास मिळेल या आशेने कोणी आले असतील, तर त्यांची आधीच क्षमा मागतो. आम्हांला एका माणसाचे स्मरण करावयाचे आहे, आणि त्या निमित्ताने आमच्या हातून झालेल्या एका चुकीची कबुली द्यावयाची आहे.

तो माणूस म्हणजे शाहीर अमर शेख.

आम्ही त्यांना पाहिलेले नाही, हे पहिल्यानेच सांगून टाकतो. २९ ऑगस्ट १९६९ रोजी मोटार अपघातात ते गेले, तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. परंतु पोरवयात जिनिंगच्या फाटकाशी आम्ही उभे राहू लागलो, तेव्हा जुनी माणसे त्यांचे नाव घरातल्या माणसासारखे घेत. तरुणपणी मुंबईच्या गिरणीत राहून आलेले एक म्हातारे हमाल होते. ते म्हणत, "अमर शेखांच्या आवाजाला लाउडस्पीकर लागत नसे, लाउडस्पीकरालाच त्यांचा आवाज सोसत नसे." न पाहिलेला माणूस इतका आपला कसा वाटतो, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून आहे.

त्याचे उत्तर शोधू लागलो की पहिल्याने कापूस आठवतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे मलकापूर-शेगावावरून गेली. जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा फाटा निघाला तो कापसाच्या गठाणींसाठी. आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हेही असेच कापसाच्या बाजाराचे गाव. तिथे १८९७ साली अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे धावू लागली. पेठ, जिन, प्रेस, आडतीची दुकाने, हमालांची वस्ती, सरकीचा वास आणि फाटकाचा भोंगा, हे सगळे दोन्हीकडे सारखेच. खामगावच्या माणसाला बार्शीत सोडले तर त्याला वाट विचारावी लागू नये.

या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल या नावाचे मूल जन्मले. हेच पुढचे अमर शेख. घरची गरिबी. लोकगीतांचा नाद त्यांना लागला तो आईमुळे. मुनेरबी हे तिचे नाव. शिक्षण इंग्रजी काही इयत्तांपर्यंत झाले आणि परिस्थितीने शाळा सुटली. मग मोटारीवर क्लीनर म्हणून काम, मग गिरणीत काम. गिरणीत गेले आणि कामगारांच्या लढ्यात पडले. स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले आणि तुरुंग पाहून आले. पुढे कोल्हापुरास मास्टर विनायकांच्या स्टुडिओत राहिले. तिथल्या दिवसांत मेहबूब पटेल हे नाव मागे पडून अमर शेख हे नाव झाले. ज्या माणसाने मोटारीखाली झोपून तेल-ग्रीस पुसले आणि गिरणीत कापसाचा धुरळा छातीत घेतला, तो माणूस पुढे गाऊ लागला, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. कामगारांवर गाणी पुष्कळांनी लिहिली. पण भोंगा वाजल्यावर पोटात जो गोळा येतो, तो त्यांनी स्वतः अनुभवला होता.

आता शाहिराच्या सरंजामाविषयी थोडे सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना डफ पाहावयास मिळतो तो बहुधा शाळेच्या स्नेहसंमेलनात. डफ म्हणजे लाकडाचे कडे आणि त्यावर ताणून बसवलेले कातडे. ते थंडीत, पावसात सैल पडते; म्हणून विस्तवावर शेकून तापवावे लागते. दुसरे वाद्य तुणतुणे. लाकडाचे पोकळ नळकांडे, बुडाशी कातडे, बाजूला दांडी, आणि कातड्यापासून दांडीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. या एका तारेवर काय वाजणार, असे नवख्याला वाटते. पण शाहिराचा सूर तीच धरून ठेवते. शाहीर भडकला, भरकटला, तरी तुणतुणे जागेवरून हलत नाही. तिसरी झांज. आणि चौथे वाद्य म्हणजे माणसे. त्यांना झीलकरी म्हणतात. शाहीर कडवे गातो, झीलकरी ध्रुवपद उचलतात, आणि 'जी जी र जी'ची साथ पुरवतात. चार-दोन कडवी झाली की समोरचे श्रोतेही झीलकरी होतात. आमच्या मते पोवाड्याची खरी करामत येथे आहे. शाहीर 'मी' म्हणून सुरुवात करतो आणि संपवताना सारी सभा 'आम्ही' म्हणत असते. युनियनचे काम तरी दुसरे काय असते? आपण पाहताच आहात, की आम्हीही स्वतःविषयी बोलताना 'आम्ही'च म्हणतो. ही राजेशाही ऐट नव्हे. वर्षानुवर्षे फाटकावर उभे राहून जिभेला लागलेली ती सवय आहे.

हे वाद्य हाती घेऊन बातमी सांगण्याची परंपरा महाराष्ट्रात फार जुनी आहे. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला. आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजाच्या लेकीने वाढवलेल्या पुत्राची कीर्ती डफावरच गावोगाव गेली. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवछत्रपतींवर पवाडा रचला, तेव्हा कुणब्याचा राजा कुणब्याला परत मिळाला. सत्यशोधकांनी जलसे काढले. आंबेडकरी चळवळीत भीमराव कर्डकांच्या जलशाने तेच काम केले. अक्षर न येणाऱ्या माणसाला वर्तमानपत्र, शाळा आणि सभा या तिन्ही गोष्टी एकाच रात्रीत देणारे असे साधन दुसरे नव्हते. अमर शेखांनी तो डफ उचलून कामगारांच्या वस्तीत आणला.

१९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. त्याच वर्षी मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन म्हणजे 'इप्टा' ही संस्था उभी राहिली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी लालबावटा कलापथक काढले. वाटेगावचा अण्णाभाऊ, ज्याला शाळेचे दोन दिवसही धड लाभले नाहीत. बार्शीचा मेहबूब, ज्याची शाळा गरिबीने सोडवली. आणि त्यांच्या बरोबरीने गवाणकर. चाळींच्या पटांगणांत, गिरण्यांच्या फाटकांशी, किसानसभांच्या मैदानांत हे पथक गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्याच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. डफ तुरुंगात घालता येत नाही, हे राज्यकर्त्यांना प्रत्येक पिढीत नव्याने शिकावे लागते. तमाशाला मज्जाव झाला तेव्हा अण्णाभाऊंनी त्याला 'लोकनाट्य' म्हटले आणि खेळ चालूच ठेवला.

अमर शेख केवळ गाणारे नव्हते. 'अमरगीत', 'कलश', 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. 'पहिला बळी' हे नाटक त्यांनी लिहिले. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटात आणि पुढे 'प्रपंच' चित्रपटात कामे केली. परंतु पुस्तकांतला अमर शेख वाचताना आमची थोडी निराशा होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शब्द चांगले आहेत, पण त्यांच्यामागची छाती छापील पानात सापडत नाही. विस्तवावर न तापवलेला डफ जसा, तसे ते वाटते. ज्यांची कला सभेत जगते, त्या सर्वांच्या वाट्याला हे येते. म्हणूनच त्यांना जपण्याची जबाबदारी सभेवर, म्हणजे ऐकणाऱ्यांवर पडते.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई पुन्हा रक्ताने माखली, आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या वर्षांत अत्र्यांची वाणी आणि लेखणी, अण्णाभाऊंची लावणी आणि अमर शेखांचा पहाडी आवाज ही समितीची मोठी शस्त्रे होती. पुढाऱ्यांची भाषणे सुरू होण्याआधी मैदान भरावे, आणि भरलेले मैदान रात्री उशिरापर्यंत हलू नये, हे काम शाहिरांचे.

येथे आपल्या जिल्ह्याविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. त्या वेळी बुलढाणा मुंबई राज्यात नव्हता. आपण मध्य प्रदेशात होतो. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाचे वेगळे राज्य करावे, अशी शिफारस केली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. या सभागृहात विदर्भ वेगळा हवा होता असे मानणारे आहेत, आणि झाले ते योग्य झाले असे मानणारेही आहेत. तो वाद आज उकरून काढण्याचा आमचा इरादा नाही. एवढेच म्हणतो, की महाराष्ट्रात येताना आपल्या पदरात काय पडले आणि काय पडले नाही, याचा हिशेब मांडताना कापसाचा भाव, पाणी आणि नोकऱ्या यांच्याबरोबर एक रकाना गाण्याचाही ठेवावा. वऱ्हाडी जिनिंगमधल्या माणसाला बार्शीचा शेख आणि वाटेगावचा साठे आपले वाटले, ही मिळकत कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका सभेत आम्ही अमर शेखांचे नाव घेतले, तेव्हा एका तरुणाने विचारले, "शेख असून ते शिवाजी महाराजांचा पोवाडा गात?" तो वाईट मुलगा नव्हता, कोणीतरी त्याला चुकीचे गणित शिकवले होते. आम्ही त्याला म्हटले, "बाबा, ते शिवाजी महाराजांवर गात, उधमसिंगावर गात आणि गिरणी कामगारावरही गात. ज्या मातीत जन्मलो तिचे गाणे गाण्यासाठी कोणाचा परवाना लागतो?" मुलगा गप्प बसला. पण आमच्या मनाला रुखरुख लागली. जी गोष्ट आमच्या बापांच्या पिढीला सांगावीच लागली नाही, ती आम्हांला समजावून द्यावी लागते, यात दोष त्या मुलाचा किती आणि आमचा किती?

१९६९ हे साल महाराष्ट्राच्या आवाजाला भोवले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचेही झाले नव्हते, आणि अखेरच्या दिवसांत त्यांच्या घरात विपन्नावस्था होती. त्यानंतर ४२ दिवसांनी अमर शेख. मैदाने भरवणारे तीन कंठ ७७ दिवसांत बंद झाले. जोतीरावांच्या पवाड्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे होत होती. अमर शेखांचे वय होते ५२. आज आम्ही त्या वयाच्या पुढे आलो आहो, आणि अजून युनियनची निम्मी कामे व्हावयाची आहेत, असे रोज म्हणतो. त्यावरून त्यांचे काय राहून गेले असेल, याची कल्पना येते.

पुढे मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन झाले, ही समाधानाची गोष्ट. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख यांनी मराठी कवितेत स्वतःचे स्थान मिळवले. पण ज्या गिरण्यांच्या फाटकांवर ते गायले, ती फाटकेच गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख कापड गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. मग गाणे कोणी जपावयाचे?

आता आमच्या चुकीविषयी. आमच्या युनियनमध्ये एक तुणतुणेवाले होते. जिनात रेच्यावर कापूस घालण्याचे काम. दिवाळीपासून होळीपर्यंत भुवयांवर पांढरी रुई, उरलेले वर्ष शेतात मजुरी. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणत असू. प्रत्येक संपाला ते नवे कवन करीत. त्यात वजनकाट्याची लबाडी असे, पगाराच्या दिवशी हटकून आजारी पडणारा कारकून असे, धुरळ्याने खोकणाऱ्या बाया असत. आणि सगळे अस्सल वऱ्हाडी बोलीत. मालकाचा माणूससुद्धा फाटकाआड उभा राहून ऐके आणि हसे. एकदा तेरा दिवसांच्या संपात अकराव्या दिवशी लोक मोडू लागले होते. आमचे भाषण कोणी ऐकेना. बाबांनी काही न बोलता तुणतुणे छेडले, आणि तासाभराने जी माणसे घरी निघाली ती दुसऱ्या दिवशी परत येण्यासाठी निघाली. तो संप आम्ही जिंकलो. अहवालात आम्ही लिहिले, 'कार्यकर्त्यांच्या अथक परिश्रमाने यश आले.' तुणतुण्याचा उल्लेख करण्याचे आम्हांला सुचले नाही.

त्यांची कवने लिहून घ्यावयाची, असे आम्ही कितीदा तरी ठरवले. हंगाम संपू द्या, निवडणूक होऊ द्या, अधिवेशन पार पडू द्या, असे म्हणता म्हणता एका पावसाळ्यात बाबा गेले. युनियनने शोकाचा ठराव केला, दोन मिनिटे उभे राहिलो. त्यांच्या तेरवीला गेलो तेव्हा मुलाने माळ्यावरून तुणतुणे काढून दाखवले. तार गंजली होती. घरी कागदाचा एक चिटोराही नव्हता, कारण बाबांना लिहिता येत नव्हते. अंगणात बसून आम्ही आठ-दहा जणांनी त्यांची कवने आठवण्याचा प्रयत्न केला. ध्रुवपदे सगळ्यांना आली, कारण झील आम्हीच धरीत होतो. कडवे मात्र एकालाही पुरे आले नाही.

त्या रात्री घरी येऊन आम्ही युनियनचे जुने हिशेब काढून पाहिले. लाउडस्पीकरचे भाडे होते, झेंड्याचे कापड होते, चहा होता, पुढाऱ्यांचे हारही होते. एका वहीची किंमत कुठेच नव्हती.

तेव्हापासून अमर शेखांचे नाव घेताना आम्हांला थोडा संकोच होतो. त्यांचे नावही आमच्या चळवळीने ध्रुवपदासारखेच सांभाळले आहे. जयंतीला, स्मृतिदिनाला आम्ही ते एकमुखाने म्हणतो. कडवे विचारले की इकडेतिकडे पाहतो. नुसत्या ध्रुवपदाची घोषणा होते. माणसे कोण होती, कशाने हसली, कशासाठी उपाशी राहिली, हे कडव्यात असते. ते गेले म्हणजे इतिहासाचा मजकूर गेला आणि फक्त मथळा उरला.

म्हणून एक छोटेसे काम आम्ही हाती घेतले आहे. गेल्या हंगामापासून युनियनच्या कचेरीत एक वही ठेवली आहे. जिनात काम केलेल्या बाया, हमाल, जुने जलसेवाले, कलापथकांची गाणी ऐकलेली माणसे, ज्यांना जे आठवेल ते त्यांच्याच बोलीत त्यात उतरवतो. शुद्ध करीत नाही. हल्ली प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे, त्याचाही उपयोग करतो. आजवर काही कवने पुरी मिळाली, पुष्कळशी अर्धी आहेत. बाबांचे एक कडवे त्यांच्या शेजारणीला येत होते. ते पहिल्या पानावर आहे.

आमचे बोलणे येथे संपले. ती वही आज आम्ही बरोबर आणली आहे. दाराशी टेबलावर ठेवली आहे, शेजारी पेन आहे. आपल्यापैकी कोणाच्या आजीला, चुलत्याला, शेजाऱ्याला एखादे कडवे येत असेल, तर जाताना त्यांचे नाव आणि गाव तेवढे लिहून ठेवा. त्यांच्या घरी आम्ही स्वतः येऊ. मात्र पावसाळ्यापूर्वी कळवा. मागच्या वेळी आम्हांला उशीर झाला होता.